‘ऑफिस टाइम’ : एका फुलाच्या नांवाचा इतिहास

फुलांना नांवें देतांना आपल्या लोकांनीं वेळेचा विचार पूर्वापार केलेला दिसतो. मध्यान्हीं उमलणाऱ्या ज्या तांबड्या फुलास संस्कृत कवि बंधूक म्हणत, त्याला आपण ‘दुपारी’ हें नांव दिलें. अंधार पडल्यावर दरवळणाऱ्या झुडपाला ‘रातराणी’ म्हटलें. आणि जिला ऋतूचें बंधन नाहीं ती ‘सदाफुली’ ठरली. हीं सर्व नांवें आकाशाकडे पाहून दिलेलीं आहेत. त्यांच्या पंक्तीला मागाहून येऊन बसलेलें एक नांव मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून दिलेलें आहे. तें म्हणजे ‘ऑफिस टाइम’. मुंबईपासून कल्याणपर्यंत कोणत्याहि मध्यमवर्गीय घराच्या गॅलरींत हें फूल दाखवून त्याचें नांव विचारावें. ‘चिनी गुलाब’ म्हणणारे कांहीं निघतील. परंतु पुष्कळांच्या तोंडून हें इंग्रजी जोडनांवच येईल. तें इतकें रुळलें आहे कीं, तें परक्या भाषेंतलें आहे याची आठवणहि कोणास होत नाहीं.

राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या तारखा यांपुढें एका कुंडींतल्या फुलाच्या नांवाचा इतिहास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि आमचें म्हणणें असें कीं, एका सबंध समाजाचा दिवस गेल्या दीडशें वर्षांत कसा बदलला याची नोंद या दोन शब्दांत होऊन राहिली आहे. ती वाचण्यास ठाकुर्लीसारखें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारें ५० किलोमीटरांवर, डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध असलेलें हें लहानसें स्टेशन. येथल्या माणसांचा दिवस आगगाडीनें ठरविला, आणि आगगाडीला लागणारी वीज एके काळीं येथेंच तयार होत असे.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊं. शितासारखीं लांबट, गोलसर, रसानें भरलेलीं पानें. तांबूस, लवचीक देंठ. वर चढण्याची हौस नाहीं, पण कुंडीचा कांठ ओलांडून खालीं लोंबण्याची मोठी आवड. डालड्याच्या डब्यांत, फुटक्या बादलींत, दोरीनें टांगलेल्या करवंटींत, कोठेंहि तिचा संसार थाटतो. फुलें गुलाबी, जांभळीं, केशरी, पिंवळीं, पांढरीं. एकेरी फुलाला पांच पाकळ्या, दुहेरी फूल मात्र लहानशा गुलाबासारखें भरगच्च. मध्यें पिंवळ्या केसरांचा झुपका असतो, आणि त्यास काडीनें हळूच स्पर्श केला तर केसर हलतात. ‘चिनी गुलाब’ हें नांव या दुहेरी फुलावरून पडलें असावें. परंतु या वनस्पतीचा चीन देशाशीं मूळ संबंध नाहीं, आणि गुलाबाशीं तर कसलेंच नातें नाहीं.

तिचें खरें नातें आपल्या स्वयंपाकघरांत निघतें. घोळ आणि चिवळ या ज्या पालेभाज्यांच्या जुड्या मंडईंत मिळतात, त्या तिच्या सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. तीच रसाळ पानें, तोच जमिनीलगत पसरण्याचा स्वभाव, आणि बीं ठेवण्याची तीच रीत. या कुळांतल्या फळाची डबी पिकली म्हणजे तिचें झांकण आडवें निघतें आणि आंतलें बारीक बीं सांडतें. ‘पोर्टुलाका’ या शास्त्रीय नांवाचा अर्थहि या झांकणावरून ‘लहान दार’ असा लावतात. थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत घोळ आणि चिवळ या दोघींची नोंद आहे, कारण त्या येथील रानांत आपोआप उगवतात. ‘ऑफिस टाइम’ हें पाहुणें भावंड आहे. तें फार दुरून आलें.

त्या दूरच्या देशाची हकीकत अशी. जॉन गिलीज नांवाचा एक स्कॉटिश डॉक्टर, पूर्वीं आरमारांत शस्त्रवैद्य असलेला, प्रकृति सुधारण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंत अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या मेंडोझा शहरीं १८२० नंतरचीं कांहीं वर्षें राहिला. तें शहर आजच्या आर्जेंटिना देशांत येतें. पंपास नांवाचीं गवताळ मैदानें जेथें संपतात तेथपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, हलक्या रेताड जमिनींत, त्यास हें फूल आढळलें. कांहीं ठिकाणीं तें इतकें दाट होतें कीं, सबंध जमीन जांभळी दिसे आणि तींत मधूनमधून केशरी ठिपके उमटलेले असत. त्या वेळीं ग्लासगो येथें वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असलेले विल्यम हूकर यांनीं १८२९ सालीं कर्टिसच्या ‘बोटॅनिकल मॅगझीन’मध्यें या वनस्पतीचें सचित्र वर्णन छापून तिला ‘पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा’, म्हणजे मोठ्या फुलांची घोळ, असें नांव दिलें. तेथून युरोपच्या बागांत आणि मग साऱ्या उष्ण देशांत ती पसरली. रेताड जमीन, भरपूर ऊन आणि बेताचा पाऊस हें तिचें माहेर. आपल्या गॅलरींत तिची निगा राखणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ झालें.

हें फूल जेथें जेथें गेलें तेथें तेथें लोकांनीं त्याच्या वेळेवरूनच त्याची ओळख ठेवली. इंग्रजी बागवानांत त्याचें एक नांव ‘अकरा वाजतां’ असें आहे. मलयाळम भाषेंत तें ‘पत्तुमणिप्पूवु’, म्हणजे दहा वाजतांचें फूल. दूर व्हिएतनाममध्येंहि त्याच्या नांवाचा अर्थ दहा वाजतांचें फूल असाच होतो. हिंदी बोलणारे त्याला ‘नौबजिया’ म्हणतात, आणि बंगाली लोक नुसतें ‘टाइम फूल’ म्हणून मोकळे होतात. कोणाचे नऊ, कोणाचे दहा, कोणाचे अकरा. मराठी माणसानें मात्र आंकडा सांगितलाच नाहीं. त्यानें त्या वेळीं आपण कोठें असतों तें सांगितलें.

फुलाला अर्थातच आंकडा ठाऊक नसतो. स्वीडनचे लिनियस यांनीं १७५१ सालीं आपल्या ग्रंथांत ‘फुलांचें घड्याळ’ अशी एक कल्पना मांडली. निरनिराळीं फुलें दिवसाच्या निरनिराळ्या तासांना उमलतात आणि मिटतात. तेव्हां तीं क्रमानें लावलीं असतां नुसत्या बागेकडे पाहून वेळ सांगतां येईल, असा तिचा भावार्थ. परंतु आपलें हें फूल या कामास फारसें भरंवशाचें नाहीं. तें उजेड आणि ऊब या दोहोंची वाट पाहतें. वैशाखांतल्या लख्ख दिवशीं तें लवकर उमलतें, मार्गशीर्षांतल्या थंड सकाळीं उशीर लावतें, आणि आषाढांतल्या अंधारलेल्या दिवशीं मुळीं उघडतच नाहीं. उमललें तरी दुपार कलतां कलतां मिटतें. एका फुलाचें आयुष्य त्या एका दिवसाचें. दुसऱ्या दिवशीं दुसरी कळी. म्हणजे ज्याला आपण ऑफिसचें नांव दिलें तें फूल ऑफिसच्या घड्याळाप्रमाणें चालत नाहीं. तें सूर्याप्रमाणें चालतें. या दोन वेळा एकमेकींपासून केव्हां दुरावल्या, तो या इतिहासाचा मुख्य भाग आहे.

पूर्वीं आपल्याकडे दिवस प्रहरांनीं आणि घटकांनीं मोजीत. अहोरात्राचे आठ प्रहर, साठ घटका. आणि त्या मोजण्यास पाण्यावर तरंगणारें घटिकापात्र. सूर्योदयापासून मोजणी सुरू होत असल्यामुळें प्रत्येक गांवची घटका त्या गांवच्या सूर्याची असे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि १८५४ च्या मे महिन्यांत ती कल्याणपर्यंत येऊं लागली. आजची ठाकुर्ली ज्या शिवारांत वसली आहे त्यांतून तिचे रूळ गेले. गाडीला प्रत्येक गांवचा निराळा सूर्य परवडत नाहीं. पुढें रेल्वेनें देशभर मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें होती, आणि शहराचें घड्याळ एक सांगे तर स्टेशनचें दुसरें. १८८१ सालीं मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ लागू केली. पण लोकांचा विरोध इतका झाला कीं, १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली.

खरी ओढाताण १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. त्या दिवशीं सबंध देशाला एक ‘प्रमाण वेळ’ लागू झाली आणि मुंबईचीं घड्याळें एकदम ३९ मिनिटें पुढें गेलीं. गिरणी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होई. आतां घड्याळाप्रमाणें तीच वेळ काळोखांत येऊं लागली. त्याच महिन्यांत मुंबईच्या एका गिरणींतील हजारों कामगारांनीं या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलें. मुंबईच्या महानगरपालिकेनेंहि आपली जुनी वेळ सोडण्याचें नाकारलें आणि ती १९५५ सालापर्यंत जपली. आज या हट्टाचें हंसूं येईल. पण त्यांत एक साधी गोष्ट होती. आपला दिवस आपल्या डोक्यावरच्या सूर्यानें ठरावा कीं दूर कोठें आंखलेल्या रेघेनें, हा तो प्रश्न. ठाकुर्लींत आजहि सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनें बारा वाजून सुमारें ३८ मिनिटांनीं. कलकत्त्याचा सूर्य आपल्याहून जवळजवळ एक तास आधीं माथ्यावर येतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. एकाच फुलाला कोणी नऊचें, कोणी दहाचें म्हणतो, त्याचें एक कारण येथें सांपडण्यासारखें आहे.

सूर्याशीं संबंध सुटण्यास दुसरें कारण वीज हें झालें. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि कामाचा दिवस अंधारांतहि लांबवितां येऊं लागला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशांतली पहिली विजेची आगगाडी धांवली. मग विजेच्या तारा कल्याणपर्यंत आणि पुढें दोन्ही घाटांच्या दिशेनें गेल्या. त्यासाठीं लागणारी शक्ति निर्माण करण्याकरितां ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें ठाकुर्लीस कोळशावर चालणारें आपलें स्वतःचें वीजगृह उभें केलें. तें १९२९ सालीं सुरू झालें. शेजारच्या चोळे गांवावरून लोक त्यास ‘चोळा पॉवर हाउस’ म्हणत. त्याच्या आणि रेल्वेच्या नोकरवर्गासाठीं वसाहती झाल्या; त्यांतली ‘बावन चाळ’ हें नांव आजहि या भागांत कोणालाहि ठाऊक आहे. वीजगृहाला रात्र नसते. तेथें पाळ्या चालत, आणि पाळीवरून येणारा माणूस सकाळीं झोपे. अशा रीतीनें, पूर्वीं भातशेतीच्या घटकेनें चालणाऱ्या या शिवारांत रेल्वेची वेळ, ऑफिसची वेळ आणि पाळीची वेळ अशा तीन वेळा एका भिंतीआड नांदूं लागल्या.

आणि याच वस्त्यांच्या व्हरांड्यांत ‘ऑफिस टाइम’चे डबे टांगले गेले. आतां गंमत पाहावी. मुंबईचें ऑफिस दहाचें. ठाकुर्लीस जलद गाड्या सहसा थांबत नाहींत. धिम्या गाडीनें मुख्य स्थानक गांठण्यास सव्वा तासाहून अधिक वेळ मोडतो. म्हणून दहाच्या ऑफिसचा माणूस आठापूर्वीं घराबाहेर पडतो. त्या वेळीं कळ्या मिटलेल्या असतात. तो मुंबईंत आपल्या मेजापाशीं बसतो तेव्हां फुलें उमलतात. तो दुपारचा डबा उघडून आटोपतो तेव्हां तीं मिटूं लागतात. आणि दिवेलागण होऊन गेल्यावर तो घरीं येतो तेव्हां कुंडींत सुरकुतलेल्या पाकळ्यांच्या गुंडाळ्या तेवढ्या उरलेल्या असतात. ज्याच्या नांवानें फूल ओळखलें जातें त्याला तें दिसत नाहीं. गॅलरींत वाळत घातलेलें धुणें उलटतांना, तांदूळ निवडतांना, नातवाला ऊन देतांना तें पाहिलें तें घरीं राहिलेल्या बायकांनीं आणि पेन्शनींत निघालेल्या वृद्धांनीं. ‘ऑफिस टाइम’ हें नांव ऑफिसांत जाणाऱ्यानें ठेवलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो गेल्यावर घर ज्यांच्या स्वाधीन राही, त्यांनींच त्याच्या गैरहजेरीची वेळ या फुलावरून मोजली असावी.

याच गॅलऱ्यांत दुसरें एक रसाळ, लोंबतें झाड असतें, त्याच्याशीं तुलना केली म्हणजे हें अधिक स्पष्ट होईल. ज्याला आपण घरोघर ‘ब्रह्मकमळ’ म्हणतों तें मध्य अमेरिकेकडचें एक निवडुंग आहे. हिमालयांतलें खरें ब्रह्मकमळ निराळें. हें निवडुंग वर्षांतून थोड्याच रात्रीं फुलतें, आणि तेंहि रात्रीं दहा-अकराच्या पुढें. त्या रात्रीं शेजाऱ्यांना बोलावणीं जातात, कुंडीला हळदकुंकू वाहतात, चहा होतो, छायाचित्रें निघतात. ‘ऑफिस टाइम’ बिचारें महिनेन् महिने रोज फुलतें, आणि त्यासाठीं कोणी जागत नाहीं कीं कोणी बोलावीत नाहीं. दुर्मिळतेला मान मिळतो हें खरेंच. पण ब्रह्मकमळ फुलतें तेव्हां कर्ता पुरुष घरीं असतो, हेंहि तितकेंच खरें आहे. जें घरांत दिवसा घडतें तें कुटुंबाच्या आठवणींत सोहळा म्हणून नोंदलें जात नाहीं. मग तें फुलाचें उमलणें असो, कीं घरच्या बाईचे रोजचे श्रम असोत.

या वनस्पतीची निगा राखण्याची विद्या त्यामुळेंच पुस्तकांपेक्षां तोंडातोंडीं आली. ती थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट ऊन. दिवसाचें निदान पांच-सहा तास थेट ऊन मिळालें पाहिजे. सावलींत झाड जगतें, लांबच लांब फुटतें, पण कळी धरीत नाहीं. दुसरी गोष्ट माती. दोन वाटे साधी माती, एक वाटा जाड रेती, आणि मूठभर जुनें कुजलेलें शेणखत. याहून अधिक खत दिलें कीं पानेंच माजतात. डब्याच्या तळाला भोकें हवींत. तिसरी गोष्ट पाणी. बोटानें चांचपून वरची माती कोरडी लागली तरच घालावें. या झाडाची पानें हेंच त्याचें रांजण आहे. दोन दिवस विसरलें तर तें रागावत नाहीं, पण रोज लाडानें पाणी घालणाऱ्याच्या हातीं तें कुजतें. देंठांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण समजावे आणि ओल्या फडक्यानें पुसून काढावे. जून झालेले, पानें झडलेले देंठ अधूनमधून खुडले म्हणजे बाजूनें नवे फुटवे येतात आणि कुंडी भरून लोंबते.

खरी परीक्षा पावसाळ्यांत. अँडीजच्या पायथ्याशीं वाढलेल्या या जातीला कोंकणपट्टीचे चार महिने मानवत नाहींत. माती सतत ओली राहिली कीं मुळें सडतात आणि देंठ बुडाशीं काळे पडून निखळतात. म्हणून मिरगापूर्वींच कुंडी पागोळीच्या आंत, पण उजेडांत, घ्यावी. आणि तरीहि न विसंबतां चार बोटें लांबीच्या काड्या खुडून, खालचीं पानें काढून, एक दिवस सावलींत सुकवून, निराळ्या कोरड्या मातींत खोंचून ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत त्या मुळें धरतात. बीं बारीक असतें. तें मातीवर नुसतें भुरभुरावें, खोल पुरूं नये. एवढी सोपी लागवड असल्यामुळें हें झाड विकत आणण्याची वस्तु नव्हती. कोणाच्या रंगाची काडी कोणाच्या डब्यांत गेली याचा हिशेब चाळीनें कधीं ठेवला नाहीं. बदली झाली, घर बदललें, मुलगी सासरीं गेली, तर ओल्या फडक्यांत गुंडाळलेल्या चार काड्या बरोबर जात.

या झाडाच्या काटकपणाचें शास्त्रीय कारणहि वाचकांस मनोरंजक वाटेल. ऊस, मका, ज्वारी यांसारख्या वनस्पति कडक उन्हांत अन्न तयार करण्याची एक काटकसरी पद्धति वापरतात. निवडुंगांची तऱ्हा निराळी. तीं दिवसा पानांचीं अगर खोडांचीं सूक्ष्म रंध्रें मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाहीं. आणि रात्रीं तीं उघडून हवेंतला कर्बवायु आंत घेऊन सांठवितात. बहुतेक वनस्पति यांपैकीं फार तर एकच पद्धति जाणतात. घोळीच्या कुळाला मात्र दोन्ही साधतात: पाणी मिळेल तोंवर पहिली, आणि दुष्काळ पडला कीं तिच्या जोडीला दुसरी. २०२२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, आपल्या घोळीच्या पानांत हीं दोन्ही कामें एकाच पेशींत चालतात. म्हणजे ज्या कुळांतल्या फुलाला आपण दिवसपाळीचें नांव दिलें, तें कुळ टंचाईच्या दिवसांत गुपचुप रात्रपाळीहि करतें. पॉवर हाउसच्या वस्तींतल्या माणसांना ही गोष्ट नवलाची वाटली नसती.

ज्याच्या वेळेचें हें फूल, त्याला तें दिसतें कधीं? रविवारीं. आणि तो रविवारहि कांहीं आपोआप मिळालेला नाहीं. सरकारी कचेऱ्यांना साहेबाच्या धर्मामुळें रविवारची सुट्टी होती. गिरणींतल्या मजुराला ती नव्हती. ठाण्यास १८४८ सालीं जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांना संघटित करून, सभा भरवून, अर्ज करून ती मागितली. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याचा रविवार सुट्टीचा म्हणून मान्य केला. लोखंडे यांच्या कार्याचें स्मरण कामगार-चळवळीच्या इतिहासांत होतें तें योग्यच आहे. पण दिवसाच्या दहा वाजतां आपल्या घरच्या उन्हांत बसण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळाला, हें त्या कार्याचें घरगुती फळहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरा एक प्रसंग अलीकडचा, आणि दुःखाचा. मार्च २०२० मध्यें साथीच्या भयानें लोकलगाड्या थांबल्या आणि सर्वसामान्य प्रवाशांना त्या पुष्कळ महिने बंद राहिल्या. तो चैत्र-वैशाखाचा काळ, म्हणजे या फुलाच्या भराचा. ज्यांचें काम घरून चालण्यासारखें होतें त्या घरांत ऑफिस आणि ‘ऑफिस टाइम’ हीं त्या दिवसांत एका छताखालीं आलीं. तें सुख नव्हतें. बाहेर माणसें मरत होतीं आणि कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. पण आपल्या घरांत दिवसा काय काय घडतें, कोण किती राबतें, ऊन कोणत्या खिडकींतून कोठवर येतें, हें कित्येक कर्त्या माणसांना तेव्हां प्रथमच नीट दिसलें.

आतां तें ऊनच दुर्मिळ होत चाललें आहे. ठाकुर्लीचें वीजगृह बंद पडून कित्येक वर्षें झालीं. भोंवतालच्या बैठ्या चाळी आणि दोन-तीन मजल्यांचीं घरें जाऊन उंच इमारती उठत आहेत. हें सर्व वाईटच आहे असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. जुलै २०१५ मध्यें याच ठाकुर्लींत एक जुनी इमारत कोसळून तींत माणसें दगावलीं. जीर्ण भिंतींच्या जागीं भक्कम घरें उभीं राहणें ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु नवें घर घेतांना आपण जागेचें माप चौरस फुटांत विचारतों, स्टेशनपासून किती मिनिटें लागतील तें विचारतों, आणि गॅलरींत दिवसाला किती तास ऊन येतें हें मात्र विचारीत नाहीं. इमारतीला इमारत भिडली कीं चौथ्या मजल्यावरचा दिवससुद्धां दिवे लावून काढावा लागतो. अशा घरांत प्रमाण वेळ असते, ऑफिसची वेळ असते, गाडीची वेळ असते. सूर्याची वेळ तेवढी नसते. आणि तिची खरी झळ लागते ती दिवसभर त्याच भिंतींत राहणाऱ्यांस, म्हणजे बायका, वृद्ध आणि मुलें यांस.

म्हणून या फुलाचा एक उपयोग आम्ही वाचकांस सुचवितों. नव्या घरांत राहावयास गेल्यावर कोणाकडून तरी दोन काड्या मागून आणाव्या आणि गॅलरींत खोंचाव्या. निगा वर सांगितल्याप्रमाणें राखावी. उन्हाळ्यांतल्या कोरड्या दिवसांत तीं फुलें उमललीं तर त्या घरांत राहणाऱ्यांस पुरेसा सूर्य मिळतो असें समजावें. पालवी वाढली आणि कळी आली नाहीं, तर तें झाडाचें दुखणें नसून घराचें आहे. घर बांधणाऱ्यांना आणि बांधण्याची परवानगी देणाऱ्यांना शेजारच्याच्या उन्हाबद्दल प्रश्न विचारण्यास याहून सोपा पुरावा मिळणार नाहीं.

पुढें कधीं ऑफिस हा शब्दच या अर्थानें उरणार नाहीं; कामाच्या वेळा बदलतील आणि कोणी मूल विचारील कीं, या फुलाला असें नांव कां? तेव्हां उत्तर देणाऱ्यानें गाडीची, विजेची आणि ३९ मिनिटांची ही हकीकत सांगावी. पण सांगण्यापूर्वीं त्या मुलाला, रविवारीं सकाळीं नऊच्या पुढें, कुंडीपाशीं नेऊन बसवावें. फूल उमलण्यास फार वेळ लागत नाहीं.